लंगडा ठोका

ताईचा फोन आला तेव्हा मी एका पंपाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. बायकोने फोन माझ्या कानाला धरला. ताई म्हणाली, "बोटीच्या इंजिनाची सर्व्हिसिंग करायचीय. कधी येतोस?"

"विकायचीय का बोट?"

"नाही. चालवायचीय."

दाजी जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात ताईने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. भाची शहरात नोकरी करते, तिने किती वेळा सांगितलं की आई, माझ्याकडे राहायला ये. ताई हो म्हणायची आणि जागची हलायची नाही. आता बोट चालवायची म्हणते म्हणजे बाई सावरली, असं मला वाटलं. बायकोलाही तेच वाटलं. "उद्याच जा," ती म्हणाली, "आणि हात धुऊन जा. मागच्या वेळी तिचा टॉवेल काळा करून आलास."

मी इंजिनं दुरुस्त करतो. पंप, जनरेटर, मोटरसायकली, बोटींची लहान इंजिनं, लोक जे आणून टाकतील ते. या धंद्यात हातापेक्षा कान महत्त्वाचा. गिऱ्हाईक रस्त्याच्या वळणावर असतानाच मला कळतं, प्लग काळा झालाय की पेट्रोलमध्ये पाणी आहे. माणसांचं मात्र समोर बसूनही पटकन कळत नाही, असं बायकोचं मत आहे. भुताखेतांच्या गोष्टी मी कोणी सांगितल्या तर ऐकतो, हातातला चहा संपेपर्यंत. त्यानंतर मला काम असतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही म्हणायला नको की याचं डोकं पहिल्यापासूनच तसलं असणार.

दाजींची बोट लहानशीच. मागच्या फळीला अडकवलेलं, दोरी ओढून चालू करायचं इंजिन. इकडच्या काठावरून पलीकडे दुधाचे कॅन, गॅसच्या टाक्या, टपाल आणि चार-सहा माणसं न्यायची आणि संध्याकाळी परत यायचं. पाणी इतकं रुंद की पलीकडचा काठ स्वच्छ उन्हातच दिसायचा. थंडीत दिवस कलला की पाण्यावरून धुकं उठायचं आणि बघता बघता धक्का, खांब, बोटी, सगळं गिळून टाकायचं.

धक्क्यावरच्या सगळ्या बोटींना एकाच दुकानातून आणलेली, एकाच बनावटीची इंजिनं होती. धुक्यात बोट दिसायची नाही, नुसता आवाज यायचा, आणि आवाज सगळ्यांचा सारखा. लग्न होऊन आली तेव्हा ताई कुठलंही इंजिन ऐकलं की चहा टाकायची. यायचा भलताच कोणीतरी. चहा उकळून उकळून काढा व्हायचा. मग दाजींनी एक युक्ती केली. इंजिनाच्या कार्बोरेटरवर एक बारीक स्क्रू असतो, इंजिन सावकाश चालतं तेव्हा त्याला किती पेट्रोल-हवा मिळायची ते त्यावर ठरतं. तो त्यांनी मुद्दाम जरासा पिळून ठेवला. त्यामुळे धक्क्याजवळ येऊन वेग कमी केला की इंजिन मधूनच एक ठोका चुकवायचं. चालता चालता एक पाय लंगडावा तसं. ते ऐकलं की ताई चहा टाकायची, आणि दाजी दारात बूट काढेपर्यंत कप भरलेला असायचा.

मला त्या लंगड्या ठोक्याचा भारी राग. माझ्या हाताखालून गेलेलं इंजिन चारचौघांत लंगडत फिरतं म्हणजे काय. दर वर्षी मी सर्व्हिसिंग करून ते लोण्यासारखं मऊ चालवून द्यायचो. दाजी कान लावून ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "मेव्हणे, तुम्ही इंजिन झकास केलंत. आता मी ते माझं करतो." मग स्क्रू पिळायचे आणि तो हादऱ्यांनी हलू नये म्हणून वर रंगाचा ठिपका लावायचे. ठिपका आम्ही सगळेच लावतो, म्हणजे नंतर कोणी हात लावला तर कळतं. माझा पिवळा असतो. दाजी ताईचं लाल नेलपॉलिश लावायचे. ती बाटली कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. धक्क्यावरचे लोक त्यावरून त्यांना काय काय बोलायचे, आणि हा माणूस गालातल्या गालात हसायचा.

त्याच्या आदल्या थंडीत एका संध्याकाळी ताईने तो ठोका ऐकला आणि चहा टाकला. ठोका जवळ आला, पण धक्क्याला लागला नाही. थोड्या अंतरावर तसाच घुटमळत राहिला. ताईने हाका मारल्या. लोक बॅटऱ्या घेऊन बोटी काढून गेले, पण दाट धुक्यात आवाज कुठून येतो ते कोणाला उमगेना. रात्रभर तो लंगडा ठोका पाण्यावर चालू होता आणि ताई चहाखालचा गॅस बारीक करून बसली होती. सकाळी लव्हाळ्यात बोट सापडली. इंजिन चालूच होतं. बोटीत कोणी नव्हतं. दाजी त्यानंतर कधीच मिळाले नाहीत.

ताई रडली नाही. जळलेलं पातेलं तिने घासून चकचकीत केलं आणि जागेवर ठेवलं. तिचं ते न रडणं मला वर्षभर टोचत होतं.

तर मी दुसऱ्या दिवशी दुपारी हत्यारांची पिशवी घेऊन पोचलो. ऊन छान होतं. घर नेहमीपेक्षा जास्तच आवरलेलं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर फक्त चहाचं सामान. फ्रिजचं दार सताड उघडं आणि आत कोरडं फडकं.

"फ्रिज बिघडला?"

"नाही रे. पुसून ठेवला."

"मांजर कुठंय? पायात येतं एरवी."

"शेजारी दिलं." तिने माझ्यापुढे कप ठेवला. "ते काकाकाकू चांगले आहेत. त्याला दूध देतील."

मी चहा प्यायलो. माझ्या डोक्यात काही आलं नाही. वर सांगितलं ना, माणसांचं मला उशिरा कळतं.

घराच्या मागे पाण्यालगत पत्र्याची शेड आहे, तिथे बोट उलटी न ठेवता सरळ ठेवली होती. फळ्या पुसलेल्या, नवी दोरी गुंडाळून ठेवलेली. बसायच्या फळीवर दोन उशा. एका उशीवर दाजींचा स्वेटर घडी करून ठेवला होता. इंजिन बाहेर स्टँडवर अडकवलेलं आणि त्याचा खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवलेला. ड्रममधल्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग होता.

मी झाकण उघडलं. या झाकणाला दोन कड्या. पुढची टक्कन उघडते. मागची पूर्वी कधीतरी वाकलीय, ती उघडायला तळहाताचा एक दणका द्यावा लागतो. टक, आणि मग धप्प. वर्षानुवर्षं मी दाजींना सांगत होतो, नवी कडी टाकतो. ते म्हणायचे, राहू द्या, तिला माझ्या हाताची सवय आहे.

वर्षभर पडलेल्या पेट्रोलला आंबूस वास येतो. या टाकीतलं पेट्रोल ताजं होतं. प्लग काढला तर काजळीने बरबटलेला आणि ओला. हे इंजिन बंद नव्हतंच. कोणीतरी ते चालवत होतं, आणि सतत सावकाश चालवून त्याचा घसा चोंदला होता.

ताई दारात उभी होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "धुकं पडलं की चालू करते. ड्रममध्येच. ह्यांना ऐकू यावं म्हणून."

कपडे वाळत घातलेत, अशा सुरात ती बोलली.

"दाजींना?"

"मग आणखी कोणाला?"

"आणि... ऐकू येतं?"

"येतं ना. तिकडून त्यांचं इंजिन वाजतं. आधी फार लांबून वाजायचं. आता पार शेवटच्या खांबापर्यंत येतात." तिने हात पाण्याकडे केला. "तेवढ्यात आपलं हे मेलं बंद पडतं. मग त्यांना कळत नाही कुठं यायचं. घुटमळतात आणि परत जातात. वर्षभर हेच चाललंय. दमले असतील रे."

माझ्या हातातला पाना मी खाली ठेवला. पायाखालची फरशी गार होती.

"तू एवढंच कर," ती म्हणाली. "ते बंद पडू देऊ नकोस. आणि लंगडणं काढू नकोस हं, तेवढं राहू दे. झालं की आजच बोटीवर चढवून दे."

"आजच कशाला? उद्या बघू."

"आज धुकं पडणार आहे."

"बोटीवर कशाला पण, ताई?"

तिने स्वेटरची घडी उगाच नीट केली. "त्यांना येता येत नसेल तर अर्ध्यापर्यंत मी जाते. एवढं तर करायलाच हवं ना."

मांजर, फ्रिज, उशा, सगळं एकदम माझ्या समोर आलं. ताईला पोहता येत नाही. ती कधी एकटी बोटीत बसलेली नाही. ती घराला कुलूप लावून निघालेली बाई होती आणि तिने वाट मोकळी करायला मला बोलावलं होतं.

ती आत गेल्यावर मी भाचीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, आई काल माझ्याशी खूप वेळ बोलली. थंडीत डोकं झाकून जात जा, म्हणाली. ती एवढं कधी बोलत नाही. मला बरं वाटलं होतं रे..." तिला रडू फुटलं. सकाळच्या पहिल्या बसने ती येणार होती. मला एक संध्याकाळ काढायची होती.

तुम्ही म्हणाल, प्लग खिशात घालायचा आणि हात वर करायचे. तेही मनात आलं. पण ती दुसऱ्याला बोलावेल, किंवा वल्हं घेऊन जाईल. तिला ओढणारी गोष्ट इंजिन नव्हतं, तो ठोका होता. वर्षभर तो ऐकून ऐकून तिच्या कानात घर करून बसला असणार आणि धुक्यात आपलाच आवाज फिरून येत असणार, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. म्हणजे इथलं लंगडणं गेलं तर तिकडचंही जाईल. माझा हिशेब सरळ होता.

मी कामाला लागलो. कार्बोरेटर उतरवला, बारीक तारेने भोकं मोकळी केली, फिल्टर धुतला. प्लग नवा टाकला. खालच्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा बदलला, तो पार कडक झाला होता. सगळं परत बसवलं. कामात असलो की माझं मन थाऱ्यावर येतं, त्या दिवशी आलं नाही. कारण शेवटी उरला तो स्क्रू, आणि त्यावर दाजींचा लाल ठिपका. फुटलेला, फिका, पण त्यांच्याच हातचा.

"मांजराची वाटी द्यायची राहिली," असं म्हणत ताई शेजारी गेली. तेवढ्यात मी लाल रंग नखाने खरवडून काढला, इंजिन चालू केलं आणि स्क्रू फिरवला. ठोका अडखळला, सावरला आणि एकसारखा वाहू लागला. इतकं सुरेख इंजिन मी पूर्वी कधी लावलं नसेल. मला अजिबात आनंद झाला नाही. मी वर पिवळा ठिपका लावला, झाकण बसवलं आणि ती यायच्या आत इंजिन बंद केलं.

ऊन उतरेपर्यंत बोट पाण्यात आणि इंजिन बोटीवर होतं. मीही आधीच बोटीत जाऊन इंजिनाशेजारी बसलो. ताई बाहेरची साडी नेसून, केस विंचरून आली. हातात थर्मास. मला बघून ती थबकली.

"तू उतर."

"चालू करून दाखवतो. बंद पडलं तर?"

ते तिला पटलं. ती समोरच्या फळीवर बसली. बोटीची दोरी अजून धक्क्याच्या कडीला होती.

धुकं आलं. आधी पाण्यावर, मग बोटीच्या काठांवर, मग आमच्या मधे. ओल्या लाकडाचा आणि पेट्रोलचा वास दाटला. धक्क्याचा दिवा मागे नुसता पिवळा डाग होऊन राहिला. कुठे कुत्रंही भुंकत नव्हतं. पाणी फळ्यांना हळूच लागत होतं, तेवढाच आवाज.

मग तो आला.

फार लांबून. सावकाश चाललेलं लहान इंजिन... मधेच एक ठोका चुकवणारं. माझं कानावर पोट चालतं. मी तो आवाज दर वर्षी ऐकला होता, त्याच्याशी भांडलो होतो. आमचं इंजिन बंद होतं, म्हणजे आपलाच आवाज फिरून यायचा प्रश्न नव्हता. जे इंजिन पाण्यावरून येत होतं ते माझ्या गुडघ्याला टेकून गार पडलं होतं.

"ऐकलंस?" ताई कुजबुजली. "चालू कर."

मी हललो नाही. तिनेच पुढे वाकून इंजिनाची दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं आणि मऊ, एकसारखं वाहू लागलं.

ताईचा हात दोरीवरच राहिला. ती ऐकत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेला मी काय म्हणू ते मला अजून सुचलेलं नाही.

"हे काय केलंस..."

समोरचा आवाज शेवटच्या खांबाजवळ आला होता. तिथे तो थांबला. पुढे येईना, मागे जाईना. उभा राहून ऐकत असावा, असं घुटमळणं.

"त्यांना ओळखू येत नाहीये," ताई म्हणाली. "परत कर. होतं तसं कर. तुझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे ना... दे मला."

"ताई, ते दाजी नाहीत."

"मग कोण आहे?"

मी स्क्रूड्रायव्हर खिशात आणखी खाली दाबला.

"तुला आवाज ओळखता येत नाही? खरं सांग."

"येतो," मी म्हटलं. "म्हणूनच देत नाही. तुझी लेक येतेय सकाळी. तुला न्यायला."

भाचीचं नाव काढल्यावर तिचा हात खाली आला. पाण्यावरचा ठोका वळला. लंगडत लंगडत लांब जाऊ लागला. ताई उठून उभी राहिली, बोट हलली, मी तिचा पदर घट्ट धरला.

"अहो," तिने हाक मारली. जोरात नाही. जेवायला बोलवावं तशी. "अहो... इकडे... मी इथंच आहे..."

जाणारा आवाज थांबला. इंजिनच बंद झालं. धुक्यात काही क्षण काहीच नव्हतं. मग पाण्यावरून, स्वच्छ, एक कडी उघडल्याचा आवाज आला. टक. आणि पाठोपाठ तळहाताचा दणका. धप्प.

ताईला त्या आवाजाचा अर्थ लागला नाही, मला लागला. तिकडे झाकण उघडलं होतं.

थोड्या वेळाने तिकडचं इंजिन पुन्हा सुरू झालं. लंगडत. मग एक चुकलेला ठोका सावरला. मग दुसरा. कोणीतरी स्क्रू हलक्या हाताने फिरवत होतं, थांबून आमचं इंजिन ऐकत होतं, परत फिरवत होतं. माझ्यासारखंच. होता होता लंगडणं पार गेलं. दोन्ही इंजिनं एका सुरात चालू लागली, आणि तो सूर आमच्याकडे येऊ लागला.

त्यांना वाटलं असेल, आपलाच आवाज चुकतोय. घर बदललं तर आपण बदलावं. आयुष्यभर माझं काम ज्यांनी मोडून आपलं केलं, त्यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझं ऐकलं होतं.

मी आमचं इंजिन बंद केलं. समोरचं येतच राहिलं. शेवटचा खांब ओलांडून आत आलं. धुकं त्या बाजूला हललं. पाण्याची लाट आमच्या बोटीला लागली आणि बोट दोरीला ताणली गेली. वल्ह्याच्या अंतरावर कोणीतरी होतं. इंजिनाच्या धुराचा वास आला, आणि ओल्या लोकरीचा.

मी ताईकडे पाहिलं. तिने नुसती हाक मारायची होती. एक अहो, बस. तिने मान कलती करून ऐकलं. खूप लक्ष देऊन, धुक्यातल्या कित्येक संध्याकाळी जसं ऐकलं असेल तसं. मग हळूहळू तिचा चेहरा विझला.

"हे नाहीत ते," ती म्हणाली. "कोणाचीतरी बोट आहे."

मी ओळखलं होतं. तो माझ्याच हातचा ठोका होता, दाजींनी माझं ऐकून लावलेला. मी तोंड उघडलं असतं तर ती उठून गेली असती. मी उघडलं नाही.

आवाज आमच्या शेजारून गेला. सावकाश. धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन वळला, पुन्हा एकदा जवळून गेला. मग पाण्यावर लांब लांब जात ऐकू येईनासा झाला. ताई फळीवर बसली आणि दाजींचा स्वेटर तोंडावर धरून रडायला लागली. वर्षभराचं रडणं होतं ते. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो, काळा हात, तिच्या चांगल्या साडीवर.

ती रात्र मी तिच्या खोलीच्या उंबऱ्यात काढली. डोळ्याला डोळा लागला नाही. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि एकदाही उठली नाही. सकाळी पहिल्या बसने भाची आली. मायलेकी खूप वेळ एकमेकींना धरून उभ्या होत्या. परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा ताईने चहाचे कप विसळून पालथे घातले, पाण्याकडे न बघता दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "इंजिन घेऊन जा," म्हणाली. "मला नको आता."

बस वळणाआड गेल्यावर मी धक्क्यावर गेलो. धुकं विरत होतं. इंजिन उतरवण्याआधी सवयीने झाकण उघडलं. टक, धप्प. आणि मी तसाच बसलो.

माझा पिवळा ठिपका फुटला होता. स्क्रू जागेवर नव्हता, पूर्वीसारखा जरासा पिळलेला होता. त्यावर नवा लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा उग्र वास येत होता. ती बाटली दाजींच्या खिशात होती, त्यांच्याबरोबरच गेली. मी दोरी ओढली. इंजिन चालू झालं आणि लंगडू लागलं.

रात्री कधीतरी ते येऊन सगळं पुन्हा तिच्यासाठी लावून गेले होते. म्हणजे पुढच्या धुक्यात तिला ओळखू यावं. आणि ती बसमध्ये बसून गेली होती.

तिला हे सांगायला मला फोन करता आला असता. केला नाही.

इंजिन आता माझ्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात, स्टँडवर आहे. आमच्या इथे पाणी नाही, धुकंही नाही. ते मी विकत नाही आणि चालूही करत नाही. ताई तिकडे बरी आहे, जाडी झालीय, भाचीवर ओरडते. आठवड्याला फोन करते. बायकोची चौकशी झाली, माझ्या गुडघ्याची झाली, की थोडं थांबून विचारते, "इंजिन कसंय रे?"

"छान आहे," मी सांगतो.

"लंगडत नाही ना?"

"नाही."

फोन ठेवला की मी कोपऱ्यात जातो, झाकण उघडतो आणि त्या ठिपक्यावर अंगठा टेकवून बघतो. इतके महिने झाले, लाल रंग अजून वाळलेला नाही.